मी फोडलेला टोलनाका

आमची शेळगावकडची माणसं टोलनाक्यावर नुसतं 'लोकल!' म्हणून ओरडायची आणि आडवी दांडी वर जायची. त्या दिवशी पेरूची पिकअप घेऊन मीही ओरडलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "आता न्हाय चालत. कंपनी बदललीय." माझं टाळकं सटकलं. चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन मी आधी काच फोडली, मग त्याचं डोकं. रक्ताची चिळकांडी शर्टावर उडाली तेव्हा भानावर आलो. त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं. या टोलच्या रस्त्यानं इंदापूरचा दवाखाना दहा मिनिटांवर. जुन्या रस्त्याच्या खड्ड्यांतून नेला असता तर वाटेतच गेला असता. पण दांडी अजून खालीच होती. त्यानं पिकअपमधून रक्ताळलेला हात बाहेर काढला आणि दांडीपाशी उभ्या आपल्या जोडीदाराला म्हणाला, "सोड रं, लोकल हाय."