उल्कानच्या ठशाचा नान

तंदुराच्या तोंडाशी वाकून वाकून उल्कानच्या भुवया कधीच्याच जळून गेल्या होत्या. नवरा तरुणपणी गेला तेव्हा कोक-बुलाक गावाने तिला भरपूर सल्ले दिले. तिने ते ऐकून घेतले आणि अंगणात तंदूर घातला. त्या तंदुराच्या जिवावर तिने एकुलती लेक जिपारा वाढवली, शिकवली आणि गावच्या बालवाडीत मास्तरीण केली.

नान तंदुराला थापण्याआधी त्याच्या मधोमध खिळ्यांच्या लाकडी ठशाने फूल उमटवायचं असतं. जिपाराने लहानपणी खेळता खेळता त्या ठशातला एक खिळा उपटला होता. तेव्हापासून उल्कानच्या नानावरचं फूल एका बाजूला तुटकं उमटे. नवा ठसा घे म्हणून शेजारणी मागे लागत. ती म्हणायची, "राहू दे गं. माझा नान कुठेही ओळखू तरी येतो."

जिपारा गेली ती भर दुपारी. बसची वाट बघत ती रस्त्याच्या कडेला उभी होती. जनावरांचा व्यापारी ओरोझबाय याचा मुलगा बाकित लग्नाच्या जेवणावळीतून झिंगून येत होता. गाडी तिच्या अंगावर घालून तो खाली उतरला तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. "दिवा फुटला की गाडीचा," हे त्याचे पहिले शब्द. ते गावाने ऐकले, उल्कानपर्यंत पोचवले आणि मग सोयीस्करपणे विसरूनही टाकले.

तपास अधिकारी मेदेर हा भला माणूस होता. त्याने तिला समोर बसवून, तिथल्या रीतीने थोरल्या बहिणीसारखं 'एजे' म्हणत, स्वच्छ सांगितलं, "एजे, आजच्या कायद्यात तुम्ही 'समेट झाला' म्हणालात की खटला बंद. राजधानीत नवा कायदा घाटतोय. दारू पिऊन माणूस मारला तर समेट नाही, आणि शिक्षाही जबर. पण तो अजून व्हायचाय. तोवर सगळं तुमच्या एका शब्दावर."

"म्हणजे मारलं त्याने, आणि त्याला सोडायचं की नाही हे ओझं माझ्या डोक्यावर?"

"तसंच आहे, एजे."

"मग गाव मला सुखाने बसू देईल?"



जिपाराच्या चाळिसाव्या दिवसाची पंगत आटोपली आणि गाव दारात आलं. पुढे पांढऱ्या दाढीचा इसाबेक. गावातल्या वडीलधाऱ्या अक्साकालांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. मागे ओरोझबाय, गाडीमागे बांधून आणलेल्या घोडीचा दोर धरून, आणि त्याच्या मागे बाकित. बाकितने येताच उल्कानचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला घासले. त्याच्या अंगाला अत्तराचा घमघमाट होता. त्या अत्तराखालून येणारा दारूचा वास तिला लगेच कळला.  तरीही तिने सगळ्यांना बसायला सतरंजी घातली. दारात आलेल्याला हाकलायची तिथे रीत नाही.

"लेकी," इसाबेकने बैठक मारत सुरुवात केली, "अल्लाची मर्जी. जिपारा काही परत येत नाही. मग या पोराचं आयुष्य कशाला मातीत घालतेस? लग्न ठरलंय त्याचं."

"माझ्या पोरीचंही लग्नाचंच वय होतं, अक्साकाल."

"राग गिळावा बाई. सांडला की गावभर चिखल होतो."

"एजे," ओरोझबाय मध्येच म्हणाला, "घोडी साधीसुधी नाही आणलेली. गाभण आहे."

एकीच्या बदल्यात दोन, असा चोख सौदा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

इसाबेकने गाठोडं सोडून नान पुढे ठेवला. "चल, तोंडाला लाव."

पुढ्यात आलेला नान तोंडाला न लावणं तिथे पाप. पण क्षमा मागायला आलेल्यांचा नान खाल्ला आणि सगळ्यांचे हात चेहऱ्यावरून फिरले, की क्षमा झाली असं समजतात. मग पुढे कुणी ब्र काढायचा नाही. उल्कानला हे ठाऊक होतं. तरी जन्माच्या सवयीने तिचा हात पुढे गेला आणि तुकडा मोडला गेला.

तेवढ्यात तिला ते तुटकं फूल दिसलं.

"हा नान कुठून आणलात?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून," बाकितने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "येताना गाडी थांबवून घेतला."

"गाडी कुणी चालवली?"

 ओरोझबाय घोडीकडे बघू लागला.

"इथल्या इथे तर यायचं होतं," बाकित पुटपुटला.

उल्कानने हातातला तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. इसाबेकने झटकन हात वर केले, "ओमीन!" बाकीच्यांचे हात चेहऱ्यांवरून फिरले. उल्कानचे हात मांडीवरच होते.

"अक्साकाल, हा नान मी आज सकाळी भाजून त्या दुकानात विकायला दिलाय. पीठ माझं, तंदूर माझा, आणि हा खिळा उपटलाय माझ्या पोरीने. स्वतःच्या घरचा घास खाऊन कुणी कुणाचं मिंधं होत नाही."

"तोंडाला लावलास ना? आम्ही पाहिलं. झालं!" इसाबेक उठलाच. घोडी फाटकाला बांधून मंडळी लगबगीने निघून गेली. भरपाईची घोडी दारात राहिली म्हणजे ती स्वीकारली, हा त्यातला डाव.

उल्कानने घोडीचा दोर सोडला. भर उन्हात, सगळ्या गावाच्या देखत, ती घोडी घेऊन ओरोझबायच्या घरी गेली. आत मटणाची परात होती, बाटल्या उघड्या होत्या. इसाबेक पेला उंच धरून म्हणत होता, "समेटाच्या नावाने!" बाकितचा पेला तोवर रिकामाही झाला होता.

तिने घोडी खुंट्याला बांधली.

"उल्कान, अगं, गाव काय म्हणेल?" इसाबेकचा आवाज चिरकला.

"गावाला म्हणावं, पेला खाली ठेवून बोल."

तशीच ती तडक मेदेरकडे गेली. "समेट नाही. लिहून घ्या."

मेदेरने लिहून घेतलं. मग जरा अडखळत म्हणाला, "शिक्षा फार मोठी होणार नाही, एजे. नवा कायदा नंतर आला तरी तो मागच्या गुन्ह्याला लागत नाही."

"नको लागू दे. पण लवकर येऊ दे. पुढच्या आईच्या दारात घोडी आणायला कुणाला तोंड राहू नये. आम्हाला रडू तरी द्या नीट."

घरी येऊन तिने बाकितने धरलेले हात राखेने घासले. अत्तर गेलं, पण खालचा वास जाईना. संध्याकाळचं पीठ अजून मळायचं होतं. तिने पुन्हा मूठभर राख घेतली.