मिंझा बेटावर का गेली

माझ्या ग्रुपमध्ये बासष्ट बायका आहेत आणि सगळ्या मला बाई म्हणतात. मी एकतीस वर्षं सरोवराकाठच्या म्वांझा शहरात प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातलं शेवटचं वर्ष डाव्या छातीत गाठ घेऊन. नऊ वर्षांपूर्वी ती गाठ छातीसकट काढली. मग घरात भिंती बघत बसण्यापेक्षा इस्पितळाच्या बाकावर भेटलेल्या चौघींना धरून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची खोड सुटली नाही. रोज सकाळी प्रत्येकीने 'आहे' असं कळवायचं. दहा वाजेपर्यंत जिचा पत्ता नसेल तिला मी फोन करून झापते.

ग्रुपचे नियम कडक आहेत. झाडपाल्याच्या जाहिराती नकोत, चमत्कार करणाऱ्या पाद्र्यांचे व्हिडिओ नकोत, आणि कुणी गेलं तर ते ग्रुपवर सांगायचं नाही. हा शेवटचा नियम मी उगाच केला नव्हता. एकदा एकाच आठवड्यात आमच्या दोघी गेल्या, आम्ही ग्रुपवर कळवलं, हार-फुलांची चित्रं टाकली, आणि पुढच्या आठवड्यात तिघी जणी केमोला फिरकल्याच नाहीत. तेव्हापासून कुणी गेलं की मी तिचा नंबर गुपचूप काढते आणि चर्चमधलं एक गाणं टाकते. सोबत एक शब्दही नाही. जुन्यांना त्यातून कळतं. नव्यांना कळू नये अशीच सोय आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात मिंझाची चूक नव्हती.

मिंझा किरुंबाच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिला जुळे मुलगे. आम्हा सुकुमा लोकांत जुळ्यांतल्या थोरल्याचं नाव कुल्वा, धाकट्याचं डोटो, त्यामुळे सगळा बाजार तिला 'कुल्वाची आई' म्हणतो. नवरा सोन्याच्या खाणीवर गेला आणि तिथंच त्याने दुसरा संसार थाटला. ते सांगताना मिंझा हसते. म्हणते, "सोनं सापडलं हो त्याला, बाई. फक्त त्याचे दात जरा पुढे आहेत."

तिला लिहिण्याचा कंटाळा. सगळं बोलून पाठवायची, आणि मागे अख्खा बाजार ऐकू यायचा. "पाया पडते, बाई! आहे मी! ए, हात नको लावूस, आधी भाव विचार! तर काय म्हणत होते, आहे." इतर बायका ते दोन-दोनदा ऐकायच्या. केमोच्या खुर्चीत बसून ऐकलं की वेळ जातो, असं त्यांनीच मला सांगितलंय.

आमच्यात प्रत्येक नवीला एक 'पुढची बहीण' मिळते, म्हणजे उपचारांत तिच्या थोडी पुढे असलेली कुणीतरी. मिंझाला मी न्यांगेटा दिली. न्यांगेटा उकेरेवे बेटावरची शिंपीण. बोलणं मोजकं, पण कामाचं. "तिसऱ्या दिवशी तोंड येईल, गार पेज पी, मिरचीकडे बघूसुद्धा नकोस," असं ती आधीच कळवायची. लाल औषधाच्या दिवशी मिंझाचा आरडाओरडा आला, "अगं, लघवी लाल झाली! मला वाटलं मी संपले! आधी सांगायचं ना!" न्यांगेटाचं उत्तर आलं, "सांगितलं होतं. तू गिऱ्हाइकाशी भांडत होतीस."

केमोला मिंझा सरावली, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तिचा आवाज बसायचा. बाजारात कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की कापलं की तिथं खड्डा पडतो आणि आत काळीज उडताना दिसतं. तोवर न्यांगेटाचं ऑपरेशन झालं होतं. ती म्हणाली, "माझी जखम भरू दे, मग इकडे ये. मी दाखवते. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि ठरव." मिंझाने ते मनावर घेतलं. ते बघणार आणि मगच टेबलावर झोपणार, असं तिने ग्रुपवर सगळ्यांसमोर जाहीर केलं.

मार्चमध्ये न्यांगेटाच्या भावाचा फोन आला. दुखणं यकृतात गेलं होतं आणि ती गेली होती. मी नंबर काढला, गाणं टाकलं. मिंझाचे तेव्हा केमोचे दोन डोस राहिले होते. तिचा लगेच निरोप आला, "बाई, गाणं झकास आहे, ढोल मात्र कमी पडला."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, न्यांगेटा कुठं आहे. मी म्हटलं, तिचा फोन सरोवरात पडला.

"पडणारच," मिंझा म्हणाली. "सुई शोधताना गळ्यातली टेप हरवणारी बाई ती."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मिंझा दर दोन दिवसांनी विचारायची, आणि मी उत्तरं देत गेले. तिच्या भावाच्या फोनवर बोलते मी. तुला नमस्कार सांगितलाय. जेवण जातंय. केस आलेत, दोन बोटं झाले. त्या दोन बोटांवर मिंझाने पाचवा डोस घेतला आणि सहावाही घेतला. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी शाळेत भर उन्हात उभं केलेलं आहे. पण मला ते जमत होतं, आणि त्याचा उपयोगही होत होता, म्हणून मी स्वतःला माफ करत होते. लाज वाटते लिहायला, पण कधी कधी मजासुद्धा वाटायची.

जुलैत तिला ऑपरेशनची तारीख मिळाली, सतरा, गुरुवार. डॉक्टर म्हणाले गाठ आता लहान झालीये, हीच वेळ आहे, उशीर नको. त्याआधीच्या शनिवारी मिंझा मासळीची पुडी घेऊन माझ्या घरी आली. चहा झाला. कप खाली ठेवत ती म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमचंही कापलंय ना?"

"हो."

"मग तुमचंच दाखवा की. बोटीचा खटाटोप तरी वाचेल माझा."

मी ताडकन उठले. "कुल्वाच्या आई, शिक्षिकेशी असं बोलतात का? बाजारात बसून अगदीच ताळतंत्र सोडलंस!"

तिने जीभ चावली. "चुकलं, बाई. पाया पडते."

खरं सांगायचं तर नऊ वर्षांत मी ती जागा स्वतःही आरशात बघितलेली नाही. अंघोळ करताना नजर भिंतीकडे असते. माझे यजमान गेले, त्यांनाही मी ती दाखवली नाही. आणि ग्रुपवर मात्र मी दर आठवड्याला लिहायचे, आपल्या शरीराची लाज कसली, बायांनो. बासष्ट जणी त्यावर हात जोडायच्या.

तिला गप्प केल्यावर मलाच कसंतरी झालं, म्हणून मी सावरून घ्यायला गेले. म्हटलं, "न्यांगेटा सांगत होती, तिची जखम इतकी छान भरलीये की विचारू नकोस."

"मग तिलाच बघते."

"ऑपरेशननंतर जा. निवांत."

"हो बाई," ती म्हणाली. मी त्या 'हो'वर विश्वास ठेवला.

मंगळवारी सकाळी हजेरीच्या वेळेला तिचा आवाज आला. मागे बाजार नव्हता, इंजिनाची घरघर होती. "पाया पडते, बाई! पाया पडते, सगळ्यांच्या! आहे मी, आणि कुठं आहे सांगू? बोटीत! उकेरेवेला निघाले. न्यांगेटाच्या घरी तांदूळ नेतेय आणि नेसायला कांगाची जोडी घेतलीये. ती शिंपीण आहे, मधून कापून देईल, एक तिला, एक मला. बघून येते आणि गुरुवारी मुकाट्याने झोपते टेबलावर. बाई, रागावू नका!"

ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. निदान तीस-चाळीस जणींना माहीत होतं की न्यांगेटा नाही. सगळ्यांनी तो आवाज ऐकला, निळ्या खुणा मला दिसत होत्या, आणि सगळ्या माझी वाट बघत होत्या. फक्त ग्रुपमधल्या जुन्या स्कोलास्टिकाने मला वेगळं लिहिलं, "बाई, तिला सांगा. नाहीतर मी सांगते." मी उत्तर दिलं, "मी बघते."

बोटीला तीन तास लागतात. मी फोन लावला. तिने उचलला, पण वारा इतका होता की तीच ओरडली, "बाई, काही ऐकू येत नाही! उतरले की बोलते!" आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ सांगते, सुटल्यासारखं वाटलं. मग मी लिहायला घेतलं, 'न्यांगेटा मार्चमध्ये गेली'. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. माणसाला भर पाण्यात असं सांगू नये, अशी स्वतःची समजूत घातली आणि पाठवलं काय, तर 'जपून जा'.

मग तिचा फोन लागेना. बुधवारी लागला नाही, गुरुवारीही नाही. सतरा तारखेला मी इस्पितळात जाऊन बसले. तिचं नाव दोनदा पुकारलं, आणि मग पुढच्या बाईला आत घेतलं.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या दारात आली. पाया पडते म्हणाली नाही. बस म्हटलं तर बसली. कांगाची जोडी पिशवीत तशीच होती, न कापलेली.

"घराच्या मागेच आहे, केळीखाली," ती म्हणाली. "गवत आलंय वर. तिच्या आईने मला कसाव्याच्या पिठाची उगाली आणि मासा वाढला. म्हणाली, बाईंनी कळवलंच असेल ना? मी म्हटलं, हो, कळवलं. तुमची लाज राखली मी."

"मिंझा..."

"चार महिने तिचे केस वाढवत होतात तुम्ही, बाई. मेलेल्या माणसाचे."

"तू डोस सोडशील अशी भीती वाटली मला."

"सोडलेही असते. मला नाही माहीत. तुम्ही मला ते कळूच दिलं नाही." तिने तोंडावरून हात फिरवला. "दोन दिवस तिथं बसून राहिले. तारीख आठवत होती. पण वाटलं, ज्या बाईचं बरं झालं म्हणून मी इथवर आले, तीच मातीत आहे. मग कशाला कापून घ्यायचं?"

"मी इस्पितळात विचारलं. नवी तारीख दहा आठवड्यांनी आहे."

"तोवर गाठ थांबेल?"

चार महिने तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असायचं. मी म्हटलं, "माहीत नाही गं."

ती जायला उठली. तेव्हा मी दार लावलं आणि झग्याची बटणं सोडायला लागले. दुसरं बटण सुटेना. मिंझाने पुढे होऊन खिडकीचा पडदा सरकवला, उजेड यावा म्हणून.

तिने नीट बघितलं, बाजारात माल पारखतात तसं. मी भिंतीकडे बघणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने एक बोट वणाच्या एका टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. बोटाला मासळीचा वास होता.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

मला बटणं लावता येईनात, म्हणून तिनेच लावली, खालून वर, एकेक करून. शेवटचं लावताना म्हणाली, "हे इथं होतं, बाई. माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर."