कपाळाकडे जाणारा हात

आमच्या पेडण्याच्या घरासमोरच देऊळ आहे. संध्याकाळी घंटा वाजली, की हातातलं काम तसंच टाकून उजवा हात आधी छातीला, मग कपाळाला. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी लावलेली ही सवय.

आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली तेव्हा तिकडे जाणाऱ्या परिचारिकांत मी आपण होऊन नाव दिलं. वास्कोच्या बंदरात कामाला असलेला नवरा "तुझं तू बघ" म्हणून मोकळा झाला. सासूबाईंनी अबोला धरला.

पणजीच्या प्रशिक्षणात एकच गोष्ट घोकून घेतली होती. धोका पोशाख काढताना असतो. सगळं उतरेपर्यंत हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही. घरी सरावाला मी रेनकोट, चष्मा, हातमोजे चढवून अंगणात उभी राहिले. मोज्यांना तेलात कालवलेलं कुंकू फासलं. कुंकू म्हणजे विषाणू, त्याचा डाग अंगावर दिसला तर चुकलं, असं मी मोठ्याने घोकत होते. सासूबाई सोप्यावर पाठ फिरवून तांदूळ निवडत होत्या.

चष्मा उतरवला आणि घंटा वाजली. माझा हात कपाळाकडे गेलाच.

सासूबाईंनी वळून बघितलं आणि सूप टाकून धावत आल्या. "कपाळार लागला गे, बाये!" सवाष्णीच्या कपाळावरचं कुंकू बघून घाबरणारी सासू मी तेवढीच पाहिली.

अबोला तिथेच संपला. मग रोज नेमक्या आरतीच्या वेळेला त्या मला अंगणात उभं करायच्या. हात हलला, की ओरडायच्या, "हात खाली!" मला हसू यायचं, त्यांना नाही.

निघताना त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "थंयसर तू देवाक हात जोडू नको. तुझ्या वाट्याचो नमस्कार हंयसर मी करतलंय."

तिकडे घंटा नव्हती. पण डोळ्यांदेखत माणूस गेलं, की हात आपसूक कपाळाकडे निघायचा. तेवढ्यात कानात ते ओरडणं यायचं आणि हात थांबायचा. डोळेसुद्धा पुसता येत नसत. मी जिवंत परतले ती त्या ओरडण्यामुळे, असं मी आजही मानते.

परतल्यावर वेगळं राहायची मुदत संपवून घरी आले. संध्याकाळी घंटा वाजली. मी तशीच उभी, हात खाली. सासूबाई जवळ आल्या. माझा उजवा हात धरून त्यांनी माझ्या छातीला लावला, मग कपाळाला.

"आता कर गे, बाये," म्हणाल्या, पण हात काही सोडला नाही.