तिसऱ्या हाकेनंतर गाडी आपली

गाड्या उचलायच्या नोकरीत किस्से उचलावे लागत नाहीत, ते आपोआप टेम्पोत चढून बसतात! मी सुनंदा, वाहतूक शाखेत हवालदार, ड्युटी गुलमंडीत टोइंगच्या गाडीवर. कुठं लग्नाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "ताई, आमची स्कूटर तुम्हीच नेली होती ना?" मग ताटातलं गार झालं तरी आमच्या गप्पा संपत नाहीत.

निम्मे किस्से जगदाळेकाकांचे. गाडीवरचा माईक त्यांच्या हातात असायचा. त्यांचा नियम एकच, उचलण्याआधी नंबर तीनदा पुकारायचा. "तिसऱ्या हाकेआधी मालक आला तर गाडी त्याची. नंतर आपली!"

आणि अभिमानही एकच. "तीस वर्षं झाली, माझी स्कूटर कधी चुकीच्या बाजूला लागली नाय!" हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे.

*

एकदा नो पार्किंगमधल्या एका मोटरसायकलवर साठीच्या एक मावशी ऐसपैस बसलेल्या. नंबर तीनदा पुकारला, तरी त्या ढिम्म!

"मावशी, उतरा. गाडी उचलायची हाय."

"उचला की. पोरगा म्हणला, गाडीवर माणूस बसलं की ते पार्किंग नसतंय, थांबणं असतंय."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग पोरगा येईपर्यंत मावशींवर छत्री धरून उभे राहिले. पोराला पावती दिली, वर म्हणाले, "आईला उन्हात ठिवल्याचा दंड आमच्या पुस्तकात नाय, नायतर तो बी लावला असता!"

*

शेंद्र्याच्या कारखान्यातल्या एका फिटरनं तर कमाल केली. चाकाला लावायचा जॅमर त्यानं स्वतःच वेल्डिंग करून बनवला, पिवळा रंगही दिला. नो पार्किंगमध्ये कार लावायची आणि वर आपलाच जॅमर ठोकायचा! आम्हाला वाटायचं, आपल्यातल्याच कुणीतरी लावलाय. पंधरा दिवस आम्ही त्या कारला बघून पुढं जात होतो.

सोळाव्या दिवशी तो घामाघूम होऊन आला. "काका, जॅमरची किल्ली हरवली. तुमची एखादी लागंल का?"

काका शांतपणे म्हणाले, "लागंल ना. आधी पावती दाखव!"

*

दौलताबादचा एक शेतकरी पेरूनं भरलेली ट्रॉली भर रस्त्यात सोडून ट्रॅक्टर घेऊन गेला. आमच्या गाडीला दुचाकी उचलता येते, ट्रॉली कशी उचलणार? तो निवांत परत आल्यावर काकांनी त्याला धरलं.

तो म्हणाला, "साहेब, हिला इंजिन नाय. इंजिन नाय ते वाहन कसं व्हईल?"

"व्हय, पटलं," असं म्हणून काका ट्रॉलीवर चढले आणि एक पेरू कराकरा खायला लागले. "वाहन नाय, मंग हे नुसते रस्त्यात पडलेले पेरू. सुनंदा, ये, तू बी घे!"

पाच मिनिटांत ट्रॉलीला ट्रॅक्टर जोडला गेला! जाताना त्यानं हसत हसत माझ्या ओंजळीत चार पेरू टाकले, ते वेगळं.

*

गुलमंडीत आमची खरी लढाई तारखांशी. विषम तारखेला गाड्या रस्त्याच्या एका बाजूला, सम तारखेला समोरच्या. लोक रोज सकाळी सवयीनं बाजू बदलतात. तिथंच कापडवाले शेठ फसले. एकतीसला बरोबर लावली, दुसऱ्या दिवशी एक तारखेला समोर नेऊन लावली!

काकांनी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं माईकवरून सुनावलं, "शेठ, महिन्याचं शेपूट बी विषम अन् तोंड बी विषम! एवढं दुकान चालवता, कॅलेंडर वाचता येत नाय?"

शेठ लालबुंद झाले. "जगदाळे, ज्या दिवशी तुमची स्कूटर चुकीच्या बाजूला सापडेल ना, त्या दिवशी दुकानांच्या अख्ख्या लाईनीला जिलेबी माझ्याकडून!"

तेव्हापासून शेठ रोज काकांच्या स्कूटरवर डोळा ठेवून होते. काका एकतीस तारखेला रिटायर होणार होते. तेवढे दिवस त्यांचा शब्द खरा राहावा, असं मला मनापासून वाटत होतं. राहिलाही. निरोपाचा हार घालून, माईक माझ्या हातात देऊन काका घरी गेले.

*

दुसऱ्या दिवशी माईकवर माझा पहिलाच दिवस. शेठच्या दुकानासमोर, चुकीच्या बाजूला, एक निळी स्कूटर. सीटवर काकांचं लाल फडकं. दारात शेठ, तोंडभर हसत!

मी नंबर पुकारला, जवळजवळ कुजबुजतच.

"ताई, मोठ्यानं!" शेठ ओरडले.

दुसऱ्यांदा आणखी हळू पुकारला. तेवढ्यात शर्टाच्या कापडाचं पुडकं बगलेत मारून काका दुकानातून बाहेर आले.

मी धावत गेले. "काका, तिसरी हाक व्हायचीय अजून. गाडी तुमचीच आहे. घ्या अन् निघा!"

काकांनी स्कूटरकडे पाहिलं. मग दुकानातल्या कॅलेंडरकडे. बोटांवर मोजलं, काल एकतीस, आज एक.

"आवाज का बसलाय तुझा? असं शिकवलं व्हय मी?" म्हणत त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. स्वतःचा नंबर खणखणीत आवाजात पुकारला.

"तिसरी हाक! मालक कालच रिटायर झालाय, त्याला कॅलेंडर वाचता येत नाय. उचला गाडी! अन् शेठ, जिलेबी गरम सांगा!"