मनगट सोडवताना

यंदा आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत हळदीकुंकवाला डबे-वाट्या लुटायच्या नाहीत, असं ठरलं. डोकं माझंच. प्रत्येकीच्या माळ्यावर प्लास्टिकचे डबे पडलेत, त्यापेक्षा बायकांना कामाचं काहीतरी द्या, असं मी तावातावाने बोलले आणि महिला मंडळाने हॉलमध्ये स्वसंरक्षणाचं शिबिर ठेवलं. कराटे शिकवणारी एक पोरगी आली. आम्ही काठपदराच्या साड्या वर खोचून, केसांत गजरे माळून तिच्यासमोर पाय फाकवून उभ्या राहिलो. हसून हसून पुरेवाट झाली.

तिने सांगितलं ते तसं सोपं होतं. बाहेर पडलात की आजूबाजूला बघत चला, मोबाईलमध्ये डोकं घालू नका. कुणी अंगावर आलं तर हात पुढे करून मोठ्याने ओरडा. मनगट धरलं तर नुसतं मागे ओढत बसू नका. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरवून काढा, पकड तिथेच कच्ची असते. मागून धरलं तर कोपर मारा आणि माणसं असतील तिकडे पळा. आणि याचा इतका सराव करा, की वेळेला विचार करावा लागू नये.

मला एखादी गोष्ट आवडली की मी तिच्या हात धुऊन मागे लागते. नवऱ्याला मनगट धरायला लावून लावून मी त्याचा जीव खाल्ला. अगं, चहा तरी पिऊ दे, म्हणायचा बिचारा. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. जन्म मालवणकडचा, उमेदीची सगळी वर्षं गिरणीत गेली. हल्ली विसरतात. जेवून उठतात आणि जेवण कधी, विचारतात. पण पाय मजबूत, त्यामुळे भाजीला रोज माझ्याबरोबर यायचे.

त्या सकाळी बाजारात गर्दी होती. नारळवाल्याकडच्या स्टुलावर मी त्यांना बसवलं, इथून हलायचं नाही म्हणून बजावलं आणि पुढे मेथी घ्यायला गेले. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर शिबिराचे फोटो आले. कोणाचा पदर कुठे, कोणाचं तोंड कसं, मी एकटीच हसत उभी. आणि मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

हात आपोआप फिरला. कोपर मागे गेलं. तोंडातून अशी आरोळी निघाली, की तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना. वळून बघितलं ते त्यानंतर.

बाबा खाली पडले होते, एक हात अंगाखाली. मी दिसेना म्हणून घाबरून शोधत आले होते, आणि सापडल्यावर पुन्हा सुटू नये म्हणून घट्ट धरलं होतं. मी काही बोलायच्या आत दोन तरुणांनी त्यांना कॉलर धरून उचललं. या वयात लाज वाटत नाही का, म्हणत एकाने हातही उगारला. बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"सोडा त्यांना," मी म्हटलं. "माझे वडील आहेत ते."

त्यांनी सोडलं. मग सगळा बाजार माझ्याकडे बघायला लागला, आणि बघावंच त्याने.

बाबांच्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. ग्रुपवर एकीने लिहिलं, काही म्हण, शिकवलेलं अंगात भिनलं ना! असा संताप आला माझा मलाच. नवरा म्हणतो, चूक कुणाचीच नाही. कशी नाही? त्या पोरीने सगळ्यात आधी बघायला शिकवलं होतं. मी मारायचं तेवढं उचललं आणि बघायचं सोडून दिलं. हे मी नवऱ्याला बोलले, बहिणीला फोनवर बोलले, डॉक्टरांनाही बोलले. ज्यांना बोलायला हवं होतं त्यांच्यासमोर मात्र जीभ उचलेना. मला त्यांची माफी हवी होती. पूर्वीसारखं कडकडून ओरडले असते तरी चाललं असतं.

शेवटी परवा दुपारी पेज भरवताना धीर केला. हात कसा मोडला आठवतं का, विचारलं.

"आठवता तर," बाबा म्हणाले. "बाजारात एक बाई होती. तिना मारल्यान माका."

"बाबा, ती मीच होते. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि चक्क हसले. "तू कित्याक मारतलंस माका? तू असतंस तर तिका सोडूक नसतंस."

मी पुन्हा सांगायला गेले, पण रडूच फुटलं. मी घाबरले असं त्यांना वाटलं असणार. चांगल्या हाताने त्यांनी माझे डोळे पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाजारात जातंस तर सांभाळून जा गो. ती बाई थयच असतली."

मी हो म्हटलं.