देवीच्या खांबापाशी

बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी आईला पुण्याहून आमच्याकडे हॉलंडमधल्या न्यूनेन गावी घेऊन आले. सुधीर, माझा नवरा, आइंडहोव्हनला नोकरीला होता आणि मी दिवसभर घरीच असे. तिला बदल होईल, मला सोबत होईल, एवढाच साधा विचार होता. पण विमानातून उतरली ती आई माझ्या ओळखीची नव्हती. देवीला फूल वाहिल्याशिवाय जिच्या तोंडात चहाचा घोट जात नसे, ती माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या देवांकडे मान वर करूनही बघेना. मी दिवा लावायला घेतला की ती उठायची आणि खिडकीशी जाऊन रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघत उभी राहायची. एकदा न राहवून मी विचारलंच. तर म्हणाली, "माझं आणि तिचं बोलणं बंद आहे. जन्मभर तिच्याकडे एकच मागितलं. तेच तिनं नेलं."

माझी श्रद्धा म्हणजे तरी काय होती, आईच्या श्रद्धेला टेकून उभं केलेलं शिडीसारखं काहीतरी. भिंतच सरकली तिथे शिडीचं काय! मी दिवा लावत राहिले, पण हात जोडल्यावर मनात काही उमटत नसे.

नवरात्र आलं. वर्षाच्या आत घट बसवायचे नव्हतेच. बाहेर हॉलंडचा पाऊस, दुपारी चार वाजताच दिवे लावावे लागतील असा काळोख, आणि आई दिवसभर खुर्चीत. सुधीर म्हणाला, "चार दिवस आईंना उन्हात घेऊन जाऊ." त्याच्या ऑफिसातला एक सहकारी इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सिराकुझा या शहराचं फार कौतुक करायचा. समुद्राकाठचं, हजारो वर्षांचं जुनं शहर. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आम्ही तिकिटं काढली.

सिराकुझाचं जुनं गाव पुलापलीकडच्या छोट्या बेटावर आहे. मधासारख्या रंगाच्या दगडाची घरं, गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले कपडे, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला एकदम समोर येणारा निळा समुद्र. तिथे अगदी समुद्राला लागून गोड्या पाण्याचा एक झरा आहे. मध्ये फक्त दगडी बांध. एका बाजूला खारट लाटा, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी, त्यात उंच लव्हाळी आणि बदकं. कठड्याला धरून आई वाकून बघत राहिली. "इथं गोडं पाणी कसं काय राहिलं?" ती पुटपुटली. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं होतं. सुधीर खायला काही मिळतंय का ते बघायला गेला. मी नव्या डिजिटल कॅमेऱ्यात बदकांचे फोटो काढू लागले. मागे वळले तर आई नव्हती.

आधी वाटलं, असेल इथेच. मग सुधीर परत आला, तोही एकटाच. आईजवळ फोन नव्हता, हॉटेलचा पत्ता माझ्या पर्समध्ये. मराठी आणि मोडकं हिंदी सोडून तिला दुसरी भाषा नाही. आणि तिला मधुमेह. सकाळची गोळी घेऊन झाली होती, जेवण मात्र आमच्या फिरण्याच्या नादात लांबलं होतं. "त्या परत आल्या तर कुणी असायला हवं," म्हणून सुधीर झऱ्यापाशी थांबला आणि मी गल्ल्यांमध्ये शिरले.

त्या गल्ल्या आजही डोळ्यांसमोरून जात नाहीत. एक डावीकडे वळायची, दुसरी परत तिथेच आणून सोडायची, तिसरी थेट समुद्रावर. सकाळी सुंदर वाटलेल्या त्या समुद्राकडे आता मला बघवत नव्हतं. मी लोकांना विचारत होते, पण त्यांना माझं इंग्रजी कळत नव्हतं आणि मला त्यांचं इटालियन. शेवटी एका कोपऱ्यावर मी थांबले. भिंतीला टेकले आणि तोंडातून मराठीतच निघालं, "आता माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ." त्यात भक्ती नव्हती. मी हरले होते, एवढंच.

वरच्या गॅलरीत एक बाई कपडे काढत होती. तिनं खाली बघितलं, माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बोट केलं, मग स्वतःच्या खांद्यावरून पदर घेतल्यासारखा हात फिरवला आणि समोरची गल्ली दाखवली. मी धावत सुटले.

गल्ली संपली तिथे पांढराशुभ्र प्रशस्त चौक होता आणि चौकात एक भव्य चर्च. लखलखीत उन्हातून आत शिरल्यावर क्षणभर काही दिसेना. मग अंधारातून खांब वर येऊ लागले. माझ्या कवेत मावणार नाहीत असे जाड, उभ्या पन्हळींचे, झिजलेले, किंचित कललेले खांब, भिंतीत अर्धे गाडलेले. आणि त्यातल्या एकाच्या पायथ्याशी, खांबावर तळहात टेकून, माझी आई बसली होती. शेजारी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी तिचा दुसरा हात धरून होती.

"अगं आई! इथे कशी आलीस?"

"देवळात आले," आई शांतपणे म्हणाली. "गरगरायला लागलं म्हणून दाराशी टेकले होते. हिनं आत आणलं, बदामाची मिठाई भरवली. देऊळच आहे हे. खांब बघ की."

मग तिनं मांडीवरचा पदर उलगडून दाखवला. त्यात एक लालबुंद डाळिंब होतं आणि मूठभर बदाम. आई म्हणाली, "तिनं माझी ओटी भरली गं. मी पदर पुढे केला नव्हता. तिनंच ओढून घेतला आणि भरली."

बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती. ओटी तर कुणी भरणारच नव्हतं. आणि हे नवरात्राचे दिवस. मी तिथेच फरशीवर बसले. फोन करून सुधीरला बोलावलं, पण त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही.

म्हातारी माझ्यावर तावातावानं काही बोलली. थोडं इंग्रजी येणारा तिथला रखवालदार हसत म्हणाला, "ती रागावलीय, आईला एकटं का सोडलंस म्हणून." डाळिंबाचं विचारल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला. रखवालदारानं सांगितलं, "तिचा नवरा या वसंतात वारला. बाजारात सवयीनं अजून दोन फळं घेते. म्हणते, दुसरं कुणासाठी ते आज कळलं."

आईला मी ते मराठीत सांगितलं. तिनं म्हातारीचा हात कपाळाला लावला. दोघी रडल्या, आणि मग म्हातारीनं रुमालानं आधी आईचे डोळे पुसले.

बाहेर पडताना दाराशी माहितीचा फलक वाचला. अडीच हजार वर्षांपूर्वी ते खरोखर ग्रीकांच्या एका देवीचं देऊळ होतं. पुढे खांबांच्या मधल्या जागा बांधून त्याचं चर्च झालं, आणि मधल्या काळात तिथे मशीदही होती. राजे बदलले, भाषा बदलल्या, देवाची नावं बदलली, पण त्या खांबांशी येऊन कुणीतरी रडायचं आणि कुणीतरी डोळे पुसायचे, यात मात्र खंड पडला नव्हता. त्या ओळीत आज माझी आई बसली होती.

संध्याकाळी समुद्राच्या कठड्यावर बसून आईनं डाळिंब फोडलं. पहिले दाणे सुधीरच्या हातावर ठेवले. "घ्या सुधीरराव, प्रसाद आहे." दाणे आंबटगोड होते. मग बाबांना डाळिंब सोलायचा किती कंटाळा होता, दाणे काढून वाटीत दिले तरच कसे खायचे, हे ती सांगू लागली. बाबांबद्दल ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलता बोलता हसली.

हा चमत्कार की योगायोग, हे मला कुणाला पटवायचं नाही. मी शोधत होते तोवर प्रत्येक गल्ली समुद्रावर जाऊन संपत होती. हात टेकले तेव्हा कुणीतरी वाट दाखवली, एवढं मी स्वतः अनुभवलं. आई आता नाही. त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं, पण नवरात्रात दिवा लावला की मी तिलाही नमस्कार करते. देवी कुठल्या गावात, कुठल्या कपड्यांत आपल्यासाठी थांबलेली असते, ते तिचं तिलाच ठाऊक. आपण पदर तेवढा मोकळा ठेवावा.