शेवटचं काम लग्नाचं

छापखाना बंद करायचा हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो बंद करायला.

शहाद्यात बसस्टँडमागच्या गल्लीत वडिलांनी काढलेला आमचा छापखाना. एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या लाकडी केसेस, भिंतीतल्या कोनाड्यात गणपती आणि काका. काका वडिलांच्या वेळी कामाला लागले ते तिथेच राहिले. खिळे जुळवायचे तेच आणि मशीनवर उभे राहायचे तेही. मी प्रुफं वाचायचो, गिऱ्हाइकांशी बोलायचो आणि स्वतःला मालक समजायचो.

मराठीतला मी सर्वांत जास्त वाचलेला साहित्यप्रकार म्हणजे लग्नपत्रिका. त्यात नवरा-नवरी ही दुय्यम पात्रं असतात. खरी गोष्ट खाली सुरू होते, प्रेषक, विनीत, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती अशी. एका चुलत्याचं नाव दुसऱ्याच्या खाली गेलं म्हणून भावकीत दोन वर्षं अबोला चाललेला मी पाहिला आहे. लग्न मात्र टिकलं होतं.

मग कामं एकेक करून गेली. धडगावच्या शाळांची पावतीपुस्तकं आम्ही जीपवाल्याच्या हाती वर डोंगरात पाठवायचो, ती संगणकावर गेली. निवडणुकीची पत्रकं समोरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेली, कारण उमेदवाराला आता आपलं नाव वाचून घ्यायचं नसतं, बैलगाडीएवढा चेहरा दाखवायचा असतो. पत्रिका फोनवर गेल्या. एका संध्याकाळी मी काकांना सांगितलं, की आता पुरे.

काका फडक्यानं हात पुसत होते. पुसत राहिले. मग म्हणाले, "करा ना बंद. पन शेवटनं काम लगननं पाहिजे. मरनना कामवर दुकान बंद करस का कोनी?"

वडिलांनी पहिलं काम लग्नाचं केलं होतं, हे मला माहीत होतं. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही. पण इतक्या वर्षांत काकांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि मागणी मला किरकोळ वाटली. मी हो म्हणालो.

ती किरकोळ नव्हती. आमच्याकडे माणूस गेला की काही दिवसांनी गंधमुक्तीचा कार्यक्रम होतो. त्याची पत्रं तातडीनं छापून नातलगांत वाटावी लागतात. लग्नाचं काम चार दिवस थांबू शकतं, हे थांबत नाही, आणि असं काम परत पाठवायचं नाही ही वडिलांची शिस्त. त्यामुळे व्हायचं असं, की लग्नाची एखादी पत्रिका छापून व्हावी, मी मनात कुलूप लावावं आणि दुसऱ्या दिवशी केस उतरवलेलं कुणीतरी दारात उभं असावं. मग काका मशीनच्या रुळांवरची लाल शाई घासलेटानं काढायचे आणि काळी चढवायचे. पुन्हा लग्नाची वाट पाहणं सुरू.

"लगन झायं की मरन, मरन झायं की लगन," बायको म्हणाली. "तुमनं दुकान यमराजकन बी बंद होवाव नई."

उन्हाळ्यातल्या लग्नांचे शेवटचे मुहूर्त उरले होते तेव्हा कळसाडीचे एक बाबा आले. तापीकाठचे गुजर शेतकरी. त्यांच्या मुलांच्या, मुलींच्या, सगळ्यांच्या पत्रिका आम्हीच छापल्या होत्या. आता नातीचं लग्न होतं. मी नमुन्यांचा गठ्ठा काढायला उठलो.

"बसा भाऊ," ते म्हणाले. "एकच पाहिजे."

"एकच नमुना दाखवू?"

"एकच पत्रिका."

त्यांनी नातवानं फोनवर बनवलेलं निमंत्रण मला दाखवलं. दोन हत्ती सोंडा हलवत आले, गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, ढगांतून साऱ्या भावकीची नावं वर चढत गेली. सनई वाजली. बाबा शांतपणे बघत होते, जणू दुसऱ्याच्या घरचं लग्न आहे.

"सर्वास्ले हाईच गयं," ते म्हणाले. "पन पहिली पत्रिका देवपुढे ठेवनी पडस. आनि देवकडे मोबाईल नई शे."

काका मशीनमागून म्हणाले, "तो बी ली लेई एखाद दिन."

बाबा हसले. मीही हसलो. एका पत्रिकेला खिळे जुळवायला तेवढाच वेळ लागतो जेवढा हजाराला लागतो, हे त्या दुकानात तिघांनाही ठाऊक होतं.

"नावं कोणती घालायची?" मी विचारलं.

"कोनीच नई. देवले सगळा मालूम शेतस. पोरीनं नाव, पोऱ्यानं नाव, तिथ आनि जागा. बस."

मी कागदावर लिहून घेतलं. लिहायला होतंच काय. चार ओळी. डोक्यावर श्रीगणेशाय नमः, खाली मोकळी जागा. ना विनीत, ना प्रमुख उपस्थिती, ना कंसातली पदवी. आयुष्यभर अशी एक पत्रिका छापायला मिळावी असं मला वाटत आलं होतं. मिळाली ती वाचणारा कुणी नसताना.

काकांनी खिळे जुळवले, चौकटीत आवळले. मशीन एकदाच मिटलं आणि उघडलं. बाबांनी शाई वाळेपर्यंत पत्रिका तळहातावर धरली, कपाळाला लावली आणि रुमालात गुंडाळली. जाताना दारातून वळून म्हणाले, "लगनले यावानं बरं का. तुमले काय आते पत्रिका देऊ."

ते गेले. शेवटचं काम लग्नाचं झालं होतं. काकांची अट पुरी झाली होती. ते रूळ धुवायला लागले. मी शटर अर्ध्यावर ओढलं.

तेवढ्यात त्याखालून एक जण वाकून आत आला. तिशीचा असेल. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले, वर पांढरी टोपी.

"बंद झायं का?"

मला हो म्हणता आलं असतं. समोर फ्लेक्सवाला होता, फोन होता. पण माझ्या आधी काका बोलले, "नई भाऊ. बस. पानी पे."

त्याची आई गेली होती. फोन सगळ्यांना केले होते. पण आईच्या माहेरची माणसं म्हातारी होती, हातात पत्र पडल्याशिवाय ती बोलावलं असं धरणार नव्हती. आम्ही छापून दिलं. तो बाकावर बसून होता. मशीन सुरू झालं तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गठ्ठा घेऊन निघेपर्यंत डोक्यावर घातली नाही.

"आता पुन्हा लग्नाची वाट बघायची का, काका?" मी म्हणालो. थट्टेनं म्हणायचं होतं, तसं म्हटलं गेलं नाही. मुहूर्त संपत आले होते. पुढची लग्नं तुळशीच्या लग्नानंतर, आणि तेव्हा येणार तरी कोण होतं?

काकांनी घासलेटाची बाटली घेतली. त्यांनी रूळ पुन्हा धुतले. फडकं पांढरं निघेपर्यंत धुतले. मग लाल शाईचा डबा उघडला आणि फळीवरून दोऱ्यानं बांधलेला, जुळवलेल्या खिळ्यांचा एक मजकूर उचलून आणला. देवाच्या पत्रिकेचा. काम झालं की खिळे सोडवून खणांत टाकायचे, ही त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी ते सोडवले नव्हते.

चौकटीत आवळून त्यांनी एक कोरं कार्ड लावलं. मशीन एकदाच मिटलं आणि उघडलं.

"हाई कोना करता?" मी विचारलं.

"हाई आपला देवनी."

त्यांनी ती पत्रिका गणपतीच्या कोनाड्यात टेकवून ठेवली आणि मोटार बंद केली. अट पाळायची ही पळवाट होती. पण इतक्या स्वच्छ रुळांनी काढलेली पळवाट मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "करूया मग बंद." तोवर ते फक्त ठरलं होतं.

काका स्टुलावर बसले आणि दोरा सोडून खिळे परत आपापल्या खणांत टाकू लागले. आता ते कुणासाठी, असं मी विचारलं नाही. समोर बसून पाहत राहिलो. आधी जागा गेली, मग तिथी, मग नवऱ्याचं नाव. नवरीचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी सोडवलं.